बाबांची सही

माझे वडील देव मानत नव्हते, आई मानत होती, आणि यावरून आमच्या घरात कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. बाबा अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टीत आसपासच्या गावांमध्ये जाऊन अंगात येणं, करणी, मुहूर्त यांच्याविरुद्ध बोलायचे आणि तळहातावर कापूर जाळून दाखवायचे. आई दर मंगळवारी अंबादेवीला जायची. तिला स्कूटरवर घेऊन जायचं काम बाबांचंच. ती आत जायची आणि ते समोरच्या दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसायचे. बाहेर आली की ती खडीसाखरेचे दोन खडे त्यांच्या हातावर ठेवायची. "साखरेला माझी ना नाही," असं म्हणून ते तोंडात टाकायचे.

मतदानालाही दोघं बरोबर जायचे. कोणी कोणाला मत दिलं हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. एकदा मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मत गुपित असते म्हून तुये बाबाच शिकवते न शाळेत? मंग मी कावून सांगू?"

त्या काळाकडे वळून पाहिलं की मला एक दुपार दिसते. ती कोणत्या वर्षाची ते सांगता येणार नाही. बऱ्याच दुपारी एकमेकीत मिसळून तिची एक झाली असावी. आई जमिनीवर बसून पोथी वाचते आहे, मोठ्यानंही नाही आणि मनातही नाही, एखादी माशी खोलीभर फिरावी तसा तिचा आवाज फिरतो आहे. बाबा खुर्चीत आहेत, छातीवर मासिक पालथं पडलं आहे. शेजारच्या अंगणात खालांचे मालक कापूस पिंजत आहेत. खाला म्हणजे आमच्या शेजारीण, आईच्या मैत्रीण. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या गाद्या भरायचं काम. पिंजणाच्या तातीचा तो तुंग तुंग आवाज ऐकत मी अर्धवट झोपेत असते, आणि खिडकीतून कापसाची म्हातारी उडत आत येते, हवेत बराच वेळ थांबते, खाली यायचं विसरून जाते. घरात तीन माणसं आहेत आणि कोणालाच कोणाला काही पटवून द्यायचं नाही. मला वाटायचं, सगळी घरं अशीच असतात.

लग्नानंतर मी अकोल्याला आले. जठारपेठेत आमचं घर आहे, आणि मी जवळच्याच शाळेत मराठी शिकवते. वर्षं गेली. बाहेरचं जग हळूहळू बदलत गेलं, इतकं हळू की नेमकं कधी ते कळलं नाही. आमच्या गल्लीत देवाचे कार्यक्रम वाढले, त्याहून त्यांचा आवाज वाढला. शाळेतल्या स्टाफरूममध्ये पूर्वी लोक भाजीचे भाव आणि बदल्यांबद्दल बोलायचे. आता चहाचा कप हातात येण्याआधी समोरचा कोणत्या बाजूचा हे ताडायला लागले. माहेरच्या मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. त्यात बाबांचे धाकटे भाऊ, आमचे दर्यापूरचे काका, रोज पहाटे देवाचं चित्र टाकायचे आणि दुपारी राजकारणाचं भांडण. काका माणूस मोठ्या मनाचा. माझ्या लग्नात सगळी पंगत त्यांनी उभ्यानं वाढली होती. पण मोबाईलमधले काका मला ओळखू यायचे नाहीत. एका निवडणुकीच्या दिवसांत मी त्यांना काहीतरी तिखट लिहिलं, त्यांनी त्याहून तिखट उत्तर दिलं, आणि मी ग्रुप सोडला. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दाराची कडी लावली त लावली, आतून कुलूप नोको लावू."

मी स्वतः कुठे उभी आहे, हेही सांगून टाकते. मी गुरुवारचा उपास धरते. कोणासाठी धरते, हे मला नीट सांगता येणार नाही. बाबांची मुलगी म्हणून मला त्याचा संकोच वाटतो आणि आईची मुलगी म्हणून तो सोडवत नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणांचं असंच असावं, पण हल्ली तसं म्हणायला जागा राहिलेली नाही. एक तर हे व्हा, नाही तर ते.

चारेक वर्षांपूर्वी आईच्या डाव्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार जुना होता, जखम भरेना. मी तिला अकोल्याला आणलं आणि मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. तिथं मेडिकलची मुलं-मुली शिकायला यायची. कॉटभोवती घोळका करून उभी राहायची, गुडघ्यावर छोटी हातोडी मारायची, वहीत लिहायची. आईला त्यांचं फार कौतुक. त्यातली एक बारीक चणीची, वाशीमकडची मुलगी ड्रेसिंग करताना आईपेक्षा जास्त कळवळायची.

एकदा आईनं तिला विचारलं, "पोरी, तुमी आतलं सगळं शिकता कुठी? हाडं, नसा?"

"पहिल्या वर्षी आजी. देहदान केलेल्या देहावर."

"मंग त सगळं नीट दिसत असंन."

मुलगी हसली. "कुठलं आजी! देह कमी आणि आम्ही इतके जण. मला मागून फक्त पुढच्यांची डोकी दिसायची. पायाच्या नसा तर मी पुस्तकातच पाहिल्या."

आईनं आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मला तो क्षण आठवतो, कारण वॉर्डातल्या उंच खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं आणि त्या उन्हात ती एखाद्या तळ्याच्या काठी बसल्यासारखी दिसत होती. चार दिवसांनी घरी सोडलं. दवाखान्यातून बाहेर पडताना ती रिक्षात बसेना. म्हणाली, "थो फारम कुठी भेटते, थे पाय आधी."

"कसला फॉर्म?"

"देह द्यायचा."

मला वाटलं ती गंमत करते आहे. मंगळवार, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, काही न चुकवणारी माझी आई. मी म्हटलं, "अगं, पण मग अग्नी, दहावं, तेरावं? तुझा विश्वास आहे ना त्यावर?"

"हाय न."

"मग?"

"सगळ्या कीर्तनात मी हेच आयकलं की देह आपला नाई. साठ वर्षं आयकून राहिली. नुसतं आयकाले गेली होती काय मी?"

फॉर्म मिळाला. त्यावर तिची सही, जवळच्या नातेवाइकाची संमती आणि दोन साक्षीदार लागत होते. मी म्हटलं, संमतीची सही मी करते. तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला. "तू नोको करू. पोरीनं सही केली त लोक म्हनतीन, पोरीनं मायले देऊन टाकलं. सही तुया बाबाचीच पाहिजे."

आम्हा दोघींना वाटत होतं की ती अडचणच नाही. बाबा तर खूश होतील. आयुष्यभर जे सांगत फिरले, ते घरात घडतंय. मी तिला बसनं अमरावतीला पोचवायला गेले तेव्हा मला उत्सुकता होती ती बाबांच्या चेहऱ्याची.

बाबांनी फॉर्म वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग "पाहू नंतर" म्हणून कपाटात ठेवून दिला.

ते ‘नंतर’ काही येईना. महिना गेला, दोन गेले. मी फोनवर विचारलं की आई म्हणायची, "त्याईचं पाहनं चालू हाय." दिवाळीला गेले तेव्हा मी बाबांना गच्चीत गाठलं. कुंड्यांना पाणी घालत होते.

"बाबा, सही का करत नाही तुम्ही?"

"घाई काय आहे?"

"घाईचा प्रश्न नाही. तुम्ही गावोगावी भाषणं दिलीत. मेल्यावर काही उरत नाही, कर्मकांड सोडा, शरीर कामाला येऊ द्या. ती भाषणं दुसऱ्यांच्या बायकांसाठी होती का?"

हे मी बोलले. ते शब्द आजही मला जसेच्या तसे ऐकू येतात, आणि ऐकू आले की मी असेन तिथे मान खाली घालते. बाबांनी झारी खाली ठेवली. ते घरात नेहमी शाळेतलं मराठी बोलायचे, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून भातकुलीकडच्या त्यांच्या खेड्यातली भाषा आली.

"मी पोट्ट्याइले चाळीस वर्षं बेडूक फाडाले शिकवलं. टाचण्या कुठी टोचाच्या, कातर कुठून घालाची, समदं मी शिकवलं. तिथं काय करते थे मले माईत हाय. दुसऱ्याले नसन माईत."

एवढं बोलून ते पुन्हा पाणी घालायला लागले. त्याच त्या कुंडीत, पाणी खालून वाहून गेलं तरी.

मला तेव्हा त्यांची दया आली नाही, राग आला. मी खाली येऊन खालांच्या घरी जाऊन बसले. त्यांचे मालक वारले होते, पिंजण केव्हाच बंद झालं होतं, आणि अंगणात आता यंत्र होतं ते मुलगा चालवायचा. खालांना सगळं माहीत होतं. आईनंच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "बेटा, सच बोलू क्या? मेरे को बी नै जमता ये. मिट्टी को मिट्टी में जाना. मैंने बोल दिया बाई को."

"मग आई काय म्हणाली?"

"बोली, तुमारा तुमारे पास बराबर है. फिर बोली, लसून छिलके दो जरा." खाला हसल्या. "दोनों ने बैठ के लसून छिला."

त्याच दिवशी दुपारी घरात ते झालं, ज्याला मी त्यांच्या संसारातलं एकमेव भांडण म्हणेन, आणि तेही भांडण म्हणावं असं नव्हतं. मी आतल्या खोलीत पडले होते. ते दोघं बाहेर. बोलणं माझ्यापर्यंत पाण्याखालून आल्यासारखं येत होतं.

आई म्हणाली, "मेल्यावर काई नसते हे तुमीच सांगतलं मले. मंग भेता कशाले?"

बाबा म्हणाले, "मंग मी कुठी येऊ?"

"कुठी म्हंजे?"

"तुले भेटाले. राख नाई, जागा नाई, काई नाई. मी कुठी येऊ?"

आई हसली. तिचं हसू मला भिंतीपलीकडूनही दिसलं. "तुमी? तुमी त देवळातबी कधी आत आले नाई. बाहेरच बसाची सवय तुमाले." आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मी इचारलं देवीले."

"काय म्हणाली?"

"थे कधी काई म्हनते का? मी इचारते, मंग भाजी चिराले बसते. भाजी चिरून होईस्तोवर समजते."

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. मला झोप लागली असावी. उठून बाहेर आले तेव्हा आई जमिनीवर चटई टाकून झोपली होती आणि बाबा टेबलाशी बसले होते. पुढ्यात फॉर्म होता. त्यांची सही शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायची तशीच होती, ठळक, खाली दोन टिंबं. शाई वाळायची वाट पाहत ते हातानं वारा घालत होते.

पहिला साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्यानं सही केली. दुसरी खालांची. त्यांनी उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सावकाश नाव लिहिलं आणि पेन परत देताना पुन्हा सांगितलं, "पसंद मेरे को अब बी नै. पर गवाही इस बात की है ना, के बाई ने खुद बोला? वो तो मैं जानती."

आई त्यानंतर सव्वादोन वर्षं होती. माघातल्या एका सकाळी चहा घेतला, बाबांना म्हणाली, जरा पडते, आणि उठली नाही. मला फोन आला तेव्हा मी शाळेत परिपाठाला उभी होते. मी आणि नवरा अकोल्याहून निघालो, रस्ता कसा सरला मला माहीत नाही. घरी पोचले तेव्हा बाबांनी डॉक्टरांचा दाखला घेतला होता आणि अकोल्याच्या मेडिकल कॉलेजला फोनही स्वतः केला होता. नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, त्यांच्या अक्षरात.

आईला हिरवं लुगडं नेसवलं होतं. तिच्या भजनी मंडळाच्या बायका भिंतीला टेकून बसून गात होत्या. खालांनी ताजे गुलाब आणले होते, ते त्या स्वतःच आईच्या उशाशी एकेक करून ठेवत होत्या. सगळं इतकं शांत चाललं होतं, की हे घर नसून घराची आठवण आहे आणि आपण तिच्यात चुकून शिरलो आहोत, असं मला वाटत होतं.

मग काका आले. दर्यापूरहून जीपनं, सोबत गावातली चार माणसं, हातात तिरडीचं सामान. ओसरीवर कोणीतरी त्यांना सांगितलं की कॉलेजची गाडी यायची आहे, स्मशानात जायचं नाही. सामान तिथेच टाकून काका तडक आत आले.

"दादा, तू देव मानत नाई, थे तुयं तू पाय. पण वहिनी त मानत होती न? जिंदगीभर उपासतापास केले तिनं. आन् थे मेल्यावर तू तिच्यावर तुयं मत लादतं? तिले अग्नीबी नाई?"

गाणाऱ्या बायका थांबल्या. मी फॉर्म आणून काकांपुढे धरला. "काका, हे आईनं स्वतः केलंय. ही बघा तिची सही."

काकांनी कागद हातात घेतला. त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली. "आन् संमती दादाची. म्हंजे त्यानंच करून घेतली." त्यांनी कागद परत दिला. "तुमच्यासारख्याइनंच धरम बुडवला."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं सांगायचं होतं, की मीच नको म्हणत होतो, दोन-तीन महिने फॉर्म कपाटात दाबून ठेवला होता. एवढं एक वाक्य. बाबा गप्प उभे राहिले. आईनं माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून ती सही मागितली होती, आणि तो ठपका आता आमच्या डोळ्यांदेखत बाबांच्या अंगावर पडला होता, आणि ते तो अंगावर घेत होते. काका पाणीही न पिता निघून गेले. ते सामान ओसरीवरच राहिलं.

गाडीत मागे आम्ही दोघंच बसलो, मी आणि बाबा, मध्ये आई. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. दुतर्फा शेतं, तुरी उभ्या, कुठे वेचणी संपलेल्या पऱ्हाटीवर उरलेला कापूस. ऊन कोवळं होतं. गाडी हलकी हलायची तसा आईचा पदर हलायचा, आणि मला लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसनं आजोळी जायचे तेव्हाची गुंगी आली. खरंच आली. एवढ्या दुःखात माणसाला झोप येते याची मला लाज वाटली. डोळे उघडले तेव्हा बाबा आईकडे नाही, बाहेर बघत होते, आणि तोंडातल्या तोंडात झाडांची नावं घेत होते. बाभूळ. कडुनिंब. पळस. आपल्या वर्गाला दाखवावीत तशी, की तिला, मला कळलं नाही.

कॉलेजात कागद झाले. एक तरुण डॉक्टर बाई होत्या, त्यांनी हात जोडून आईला नमस्कार केला. बाबा निघायला वळले आणि पुन्हा मागे फिरले.

"डॉक्टर, तिच्या डाव्या पायाला जुनी जखम आहे. मुलांना सांगाल का? जरा हळू."

"हो सर. सांगते," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत, आश्चर्यही दाखवलं नाही. मी त्यांची त्यासाठी जन्माची ऋणी आहे.

पुढचे महिने विचित्र गेले. ग्रुप मी सोडलेला होता, पण तिथं काय चाललंय ते कानावर यायचंच. बाबांनी आपल्या विचारांपायी बायकोला अग्नी दिला नाही, असं लिहून झालं होतं. आणि दुसरीकडे, बाबांसारखेच विचार असलेली माणसं फोन करून त्यांचं अभिनंदन करत होती. तत्त्वासाठी घरापासून सुरुवात करणारा माणूस, असं कोणीतरी लिहिलं. शिव्या देणारे आणि कौतुक करणारे एकाच गोष्टीवर ठाम होते, की हे बाबांनी केलं. आई त्यातून सरळ पुसली गेली होती. मी मराठी शिकवते, वाक्यातला कर्ता मुलांना ओळखायला लावते. इथं शहाणीसुरती माणसं कर्ताच बदलून बसली होती. एका बाईनं, तीही देवभोळी, स्वतःहून काही ठरवलं असेल, हे कुणाच्याच राजकारणात बसत नव्हतं.

वर्षभरानं अमरावतीच्या एका मंडळानं बाबांचा सत्कार ठरवला. मला वाटलं नको म्हणतील. ते हो म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घातला, मला सोबत घेतलं. लहानसं सभागृह, साठ-सत्तर माणसं, बरेचसे त्यांचे जुने सोबती आणि विद्यार्थी. शाल दिली, पुस्तक दिलं. सूत्रसंचालकानं त्यांच्या विज्ञाननिष्ठेबद्दल भरभरून सांगितलं. मग बाबा बोलायला उभे राहिले.

"तुम्ही चुकीच्या माणसाला बोलावलंत," ते म्हणाले. लोक हसले, त्यांना विनय वाटला.

"मी विरोध केला होता. फॉर्म लपवून ठेवला होता. मला विज्ञान ठाऊक होतं, पण बायकोच्या बाबतीत ते मला पेलेना. तिला पेललं. ती देव मानायची म्हणून तिला पेललं, असं माझं मत झालं आहे. मी अजून देव मानत नाही. पण यापुढे मी भाषणात देव मानणाऱ्यांना हसणार नाही. पूर्वी हसलो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. एवढंच सांगायला आलो."

ते खाली बसले. टाळ्या वाजल्या, पण सवयीच्या. पहिल्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. चहाच्या वेळी आमच्याजवळ फारसं कोणी आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ आले, बाबांचा हात हातात घेऊन बराच वेळ नुसते उभे राहिले. घरी येताना रिक्षात बाबांनी विचारलं, "जास्त बोललो का?"

"नाही."

मग मी म्हटलं, "बाबा, गच्चीत मी बोलले होते तुम्हाला. ते विसरा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जणू आठवतच नाही अशा आवाजात म्हणाले, "केव्हा?" त्यांना आठवत होतं. मी त्यांची मुलगी आहे, मला कळतं.

त्या भाषणाची चित्रफीत कोणीतरी मोबाईलवर फिरवली. ती फिरत फिरत दर्यापूरला गेली असणार, कारण पुढच्या महिन्यात, मी माहेरी असताना, काका आले. न सांगता. दारात उभे राहिले, चपला काढून पाय धुतले, आत येऊन बाबांच्या समोर बसले. दोघांचे केस एकसारखे पांढरे झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"दादा, वहिनीनं खरंच स्वतःच?"

"हो."

"मंग मले थ्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

बाबा म्हणाले, "तू चिडला होतास. चिडायला कोणीतरी पाहिजे होतं ना तुला. तिच्यावर चिडला असतास तर मला बरं वाटलं नसतं."

काकांनी गळ्यातला दुपट्टा तोंडाला लावला. मी चहा ठेवायला आत गेले. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. काकांना ते अजूनही पटलेलं नाही. निघताना त्यांनी मला सांगितलं, की आईच्या नावानं त्यांनी गावात नदीवर जाऊन आपल्या परीनं विधी केला, दादाला सांगू नको. मी सांगितलं नाही. ग्रुपवर त्यांची चित्रं रोज पहाटे येतात, असं ऐकते. मी पुन्हा ग्रुपमध्ये गेलेले नाही, पण आता त्यांना दर रविवारी फोन करते.

त्या दिवशी आत चहा उकळत होता. स्वयंपाकघरात दुपारचं पिवळं ऊन भरलं होतं आणि बाहेरून दोघांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण. मी कपात चहा गाळला आणि ट्रे घेऊन बाहेर गेले. काका बाबांना विचारत होते की यंदा तूर आणू का थोडी, घरची आहे, आणि बाबा म्हणत होते, आण, पण भरडून आण, इथं कोणाला भरडता येतं.